जीवशास्त्र व जैवतंत्रज्ञान अध्यापकांचा व्यावसायिक विकास : प्रमाणपत्राकडून प्रयोगशाळेकडे

प्रस्तावना

पदव्युत्तर पदवी घेऊन अध्यापक वर्गात उभा राहतो, तेव्हा त्याचे ज्ञान त्या वर्षापुरते अद्ययावत असते. 2003 मध्ये मानवी जनुकसंच प्रकल्प पूर्ण झाला, 2012 मध्ये क्रिस्पर-कॅस 9 हे जनुकसंपादनाचे साधन पुढे आले आणि 2020 मध्ये त्यास नोबेल पारितोषिक लाभले. त्यापूर्वी शिकलेल्या अध्यापकास हे सारे आज शिकवावे लागते. म्हणूनच व्यावसायिक विकास ही केवळ सेवाशर्तीची बाब राहत नाही.

प्रशिक्षणाची चौकट

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. त्यांचेच रूपांतर पुढे मानव संसाधन विकास केंद्रांत आणि 2023 मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रांत झाले. उद्बोधन व उजळणी वर्ग पदोन्नतीशी जोडले गेल्याने उपस्थिती वाढली; तथापि व्याख्याने ऐकून परतलेला अध्यापक पुढील सत्रात जुनेच प्रात्यक्षिक घेतो, असा अनुभव येतो. प्रस्तुत लेखिकाही त्यास अपवाद नाही.

विच्छेदनानंतरची पोकळी

आयोगाने 2011 मध्ये प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबविण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि 2014 मध्ये ते पूर्णतः बंद केले. प्राण्यांच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. परंतु बेडकाच्या जागी भिंतीवरील तक्ता आला, तर विद्यार्थ्याच्या हातून निरीक्षण सुटते. पर्यायी प्रयोगाची रचना करणे हे कौशल्य आहे आणि प्रशिक्षणाचा भर तेथे हवा.

एक उदाहरण

शनिवार पेठेत ओंकारेश्वरालगत मुठा नदी वाहते. हातमोजे घालून तिच्या काठचा गाळ आणावा. त्यात कागदाचे कपटे, थोडे जिप्सम व नदीचेच पाणी मिसळून तो उंच पारदर्शक बरणीत भरावा. बरणी झाकून खिडकीजवळ, थेट उन्हापासून दूर ठेवावी. काही आठवड्यांत रंगीत थर दिसू लागतात : वर प्राणवायूच्या सान्निध्यात हिरवे शैवाल व सायनोबॅक्टेरिया, त्याखाली जांभळे व हिरवे गंधक-जीवाणू आणि तळाशी लोह सल्फाइडचा काळा थर. हाच विनोग्राड्स्की स्तंभ.

येथवर हे प्रात्यक्षिकच. प्रशिक्षणाचा प्रश्न यापुढे सुरू होतो. दुसरी बरणी काळ्या कागदात गुंडाळावी, तिसरीत कागदाचे कपटे घालू नयेत. काय घडेल याचे भाकीत विद्यार्थ्यांनी आधी लिहावे. अंधारात प्रकाशसंश्लेषी जीवाणूंचे रंग का उमटत नाहीत, हे त्यांनीच शोधावे. उत्तर ठाऊक असूनही थांबणे, चुकलेल्या भाकितावर चर्चा घडविणे, ही सवय अध्यापकास व्याख्यानातून लागत नाही. त्यासाठी त्याने स्वतः विद्यार्थी होऊन बरणी भरावी लागते.

स्थानिक आधार

पुण्यातील अध्यापकांना दूर जाण्याची गरज नाही. आघारकर संशोधन संस्था, गणेशखिंड येथील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि 2006 मध्ये स्थापन झालेली आयसर या संस्था शहरातच आहेत. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'क्यूब' उपक्रम फळमाशीसारख्या साध्या सजीवांवर महाविद्यालयांत संशोधन घडवितो. केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाच्या स्टार कॉलेज योजनेत प्रयोगशाळांसोबत अध्यापक-प्रशिक्षणाचाही विचार आहे.

समारोप

प्रत्येक वर्गानंतर अध्यापकाने किमान एक प्रात्यक्षिक बदलावे, ते विभागातील सहकाऱ्यांसमोर करून दाखवावे आणि फसलेल्या प्रयोगाचीही नोंद ठेवावी. प्रमाणपत्र सेवापुस्तकात जाते. बदललेले प्रात्यक्षिक मात्र पुढील प्रत्येक तुकडीच्या हाती पोहोचते.