नर्सिंग पास झालेल्या मुलींनी पुढे काय करावे?

एका आठवडे बाजाराच्या दिवशी आमच्या कळवणच्या दुकानात अभोण्याकडील एक जुने गिऱ्हाईक आले. शिवणकाम हा त्यांचा धंदा. अस्तर, पॉपलीन, बटणे आमच्याकडूनच नेतात. यावेळी मात्र मालाची यादी न काढता ते गप्प बसून राहिले. चहा झाल्यावर म्हणाले, "भाईजान, मुलीने जी.एन.एम. पूर्ण करून सात महिने झाले. घरी बसली आहे. मुंबईचा एक एजंट आखातात नोकरी लावतो म्हणतो, पण अडीच लाख मागतो. तुमच्याकडून काही सोय होईल का?"

शिवणयंत्रावर पाठ वाकवून त्यांनी तीन वर्षे फी भरली होती. आम्ही त्यांच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. दवाखान्यात काम करणाऱ्या सिस्टर, नाशिकचे ओळखीचे डॉक्टर आणि आखातातून परतलेली मंडळी यांच्याकडे चौकशी केली. जे कळले ते येथे मांडत आहोत, कारण हा प्रश्न आज अनेक घरांत आहे.

आधी कागद तपासा

नर्सिंगचे तीन अभ्यासक्रम एकच समजून लोक फसतात. ए.एन.एम. दोन वर्षांची, जी.एन.एम. तीन वर्षांची आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची. जिल्हा परिषदेकडील आरोग्य सेविकेचे पद ए.एन.एम.साठी असते. सरकारी रुग्णालयातील अधिपरिचारिका होण्यास जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. लागते. परीक्षा पास झाली म्हणजे काम संपले असेही नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हवी आणि ती दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. नोंदणी नसेल तर कोणताही चांगला दवाखाना दारात उभे करणार नाही.

सरकारी नोकरीचा मार्ग

सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असा दंडक आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी हाच आकडा तीस हजार व वीस हजार आहे. त्यामुळे कळवण, सुरगाणा, पेठ या तालुक्यांत जागा असणारच, असे पालकांना वाटते. पण हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. राज्यपालांच्या २०१४ च्या अधिसूचनेने अशा क्षेत्रातील आरोग्य सेविकेसह काही पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखून ठेवली. तो त्यांचा हक्क आहे, त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. आपल्या मुलींनी जाहिरात नीट वाचावी आणि मालेगाव, निफाड, नाशिक शहर तसेच इतर जिल्ह्यांतील जागांवरही नजर ठेवावी.

याशिवाय राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी पदे निघतात. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलींना त्यात संधी मिळाली. केंद्राच्या एम्स रुग्णालयांसाठी 'नॉरसेट' नावाची एकच सामाईक परीक्षा होते. तिला बी.एस्सी. झालेली मुलगी लगेच बसू शकते. जी.एन.एम. झालेलीला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. रेल्वे, कामगार विमा रुग्णालये आणि लष्कराची नर्सिंग सेवा यांच्या जाहिरातीही निघत असतात.

दोन वर्षांचा अनुभव हेच भांडवल

या चौकशीत आम्हाला उमगलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच. नवी मुलगी घराजवळच्या आठ-दहा खाटांच्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर लागते, हजेरीपटावर नाव नसते, पगार हातात रोख मिळतो. दोन वर्षांनी सोडताना तिच्याजवळ दाखवायला कागद नसतो. आपण व्यापारी आहोत. पक्के बिल नसलेला माल कितीही चांगला असला तरी नाक्यावर अडतो, हे आपल्याला सांगायला नको. नेमणूकपत्र, बँकेत जमा होणारा पगार आणि अनुभवाचा दाखला ही नर्सची पक्की बिले आहेत. म्हणून सुरुवातीला हजार-दोन हजार कमी मिळाले तरी ५० किंवा त्याहून अधिक खाटांचे रुग्णालय निवडावे.

पगाराबाबत एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना २० हजारांपेक्षा कमी पगार नसावा, आणि २०० हून अधिक खाटा असल्यास तो सरकारी पगाराइतका असावा, अशी शिफारस समितीने केली. ही शिफारस सगळीकडे पाळली जात नाही. तरीही बोलणी करताना ती माहीत असलेली बरी.

परदेश : घाई नको

आता एजंटाची गोष्ट. आखाती देशांसह १८ देशांत नर्स म्हणून जाणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०१५ साली नियम कडक केले. भरती सरकारी संस्थांमार्फत व्हावी आणि 'ई-मायग्रेट' पद्धतीत परवानगी घ्यावी, असे ठरले. त्याच सुमारास केरळमध्ये कुवेतच्या नोकरीसाठी नर्सेसकडून सुमारे वीस-वीस लाख रुपये उकळल्याचे प्रकरण उघडकीस आले होते. नोंदणीकृत भरती संस्थेला घेता येणारे सेवाशुल्क ३० हजार रुपये आणि त्यावरील कर एवढेच आहे. मग अडीच लाख कसले? पावती मागा, परवाना क्रमांक मागा. एजंट टाळाटाळ करू लागला तर उत्तर मिळाले असे समजावे.

आखातासाठी कागदपत्रांची पडताळणी होते, संगणकावर परीक्षा असते आणि बहुतेक ठिकाणी अनुभव मागतात. जर्मनीला नर्सेसची मोठी गरज आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करारही केला. पण तेथे जर्मन भाषा बी-१, बी-२ पातळीपर्यंत शिकल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. म्हणजे अनुभवाची दोन वर्षे आणि भाषेचा वर्ग हे दोन्ही बरोबरच चालवावे.

इतर वाटा

जी.एन.एम. नंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. पुढे एम.एस्सी. केल्यास नर्सिंग महाविद्यालयात शिकवता येते. केंद्राने २०२३ मध्ये १५७ नव्या नर्सिंग महाविद्यालयांना मंजुरी दिली. शिकवणारे लागतील, पण पास होणाऱ्या मुलीही वाढतील, हे विसरू नये. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात प्रथमोपचार कक्ष व परिचारिका ठेवण्याची अट १९४८ च्या कारखाने कायद्यापासून चालत आली आहे. सातपूर-अंबडच्या बाजूला तशी चौकशी करावी.

ज्यांना धंद्याची आवड आहे त्यांनी घरपोच शुश्रूषेचा विचार करावा. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, ऑपरेशन होऊन आलेले रुग्ण यांना डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे इंजेक्शन, मलमपट्टी, नळी बदलणे अशी सेवा हवी असते. दोघी-तिघींनी मिळून काम वाटून घ्यावे. खाट, वाफेचे यंत्र भाड्याने देण्यासाठी मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे शिशु कर्ज मिळू शकते. मात्र स्वतः औषधे लिहून देऊ नयेत. तो डॉक्टरांचा अधिकार आहे आणि तो ओलांडला तर नोंदणी धोक्यात येईल.

आमची चूक

शेवटी एक कबुली देतो. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या पुतणीने नर्सिंगला जाण्याचा हट्ट धरला होता. रात्रपाळी, परके पुरुष, लोक काय म्हणतील, असे सांगून आम्हीच नकार दिला. पैगंबर साहेबांच्या काळात मदिनेत तंबू ठोकून जखमींची सेवा करणाऱ्या हजरत रुफैदा यांचे नाव आम्ही शाळेत असताना ऐकले होते, तरी त्यावेळी ते आठवले नाही. आज ती पुतणी लहान मुलांना घेऊन माहेरी आहे आणि तिच्या हाती हुन्नर नाही. तिच्याकडे पाहिले की आमची मान खाली जाते.

अभोण्याच्या त्या मित्राला आम्ही अडीच लाख दिले नाहीत. नाशिकला राहण्याचे तीन महिन्यांचे भाडे आणि जर्मन वर्गाची पहिली फी एवढे वहीत लिहून दिले. एजंटाने पावतीचे नाव काढताच फोन उचलणे बंद केले. मुलगी आता नाशिकच्या एका मोठ्या रुग्णालयात रात्रपाळी करते आणि पगार बँकेत जमा होतो. परवा तिचे वडील पुन्हा दुकानात आले, तेव्हा मालाची यादी घेऊनच आले.