आरुशाचे न्यायालय आणि आपली ख्रिस्तसभा

१९९४ साली एप्रिल ते जुलै या सुमारे १०० दिवसांत आफ्रिकेतील रुवांडा देशात सुमारे ८ लाख माणसांची कत्तल झाली. बळी पडलेले बहुतांश तुत्सी होते, तर मारणारे हुतू अतिरेकी. दोन्ही समाजांत कॅथलिक भाविक मोठ्या संख्येने होते. म्हणून हा विषय आपल्याला परका नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने या गुन्ह्यांसाठी आंतरराष्ट्रीय न्यायालय स्थापन केले. शेजारच्या टांझानियातील आरुशा शहरी त्याचे कामकाज चाले. भेट देणाऱ्यांना काचेपलीकडे बसून, कानाला यंत्र लावून, भाषांतराच्या साहाय्याने खटला ऐकता येई. अनेक साक्षीदारांची नावे जिवाच्या भीतीने गुप्त ठेवली जात. फाशीची तरतूद नव्हती. जन्मठेप हीच कमाल शिक्षा. जाँ-पॉल अकायेसु या माजी स्थानिक प्रशासकाला या न्यायालयाने २ सप्टेंबर १९९८ रोजी दोषी ठरवले. वंशसंहाराच्या गुन्ह्याबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोषी ठरवण्याची ती पहिलीच वेळ. बलात्कार हाही वंशसंहाराचा भाग ठरू शकतो, हेही त्या निकालाने मान्य केले.

आपल्याला अंतर्मुख करणारा खटला मात्र फादर आतानाझ सेरोम्बा यांचा आहे. न्यांगे येथील चर्चमध्ये सुमारे १,५०० तुत्सी आश्रयाला आले होते. ते चर्च बुलडोझरने त्यांच्या अंगावर पाडण्यात आले. या कृत्याला फादरांची संमती होती, असे न्यायालयाने ठरवले. २००६ साली त्यांना १५ वर्षांची शिक्षा झाली. २००८ साली अपिलात ती जन्मठेप झाली. याच न्यायालयाने २००९ साली फादर हॉर्मिस्दास न्सेंगिमाना या दुसऱ्या धर्मगुरूंची निर्दोष मुक्तता केली. न्यायाधीशांनी अंगावरचा झगा पाहिला नाही, पुरावा पाहिला.

त्या संहारात अनेक धर्मगुरू व धर्मभगिनींनीही प्राण गमावले, हे आपण विसरू नये. परंतु त्यांच्या रक्ताआड इतरांचा अपराध लपवता येत नाही. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेच्या आणि तिच्या सदस्यांच्या पापांबद्दल परमेश्वराकडे क्षमायाचना केली.

आरुशाचे ते न्यायालय २०१५ अखेर बंद झाले. त्याचा धडा मात्र आपल्यासाठी कायम आहे. प्रायश्चित्त संस्कारात पापाची कबुली आधी येते आणि पापक्षमा नंतर. ‘झाले गेले विसरा’ असे पीडितांना सांगणे म्हणजे ख्रिस्ती क्षमा नव्हे. आपल्या धर्मग्रामात कोणावर अन्याय झाला, तर आपण प्रथम त्याचे ऐकून घेऊ या.