आधी कालनिर्णय, मग चार्टपेपर

रविवारी रात्री साडेनऊला स्टेशनरीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं असतं आणि एखादी आई घाईघाईने येते. "दादा, दोन चार्टपेपर द्या आणि सूर्यमालेची चित्रं. उद्या प्रकल्प द्यायचाय." चित्रांचे छापील तक्ते दुकानात असतातच. घरी जाऊन ग्रह कापायचे, चिकटवायचे, खाली नावं लिहायची. अकराला मूल पेंगायला लागतं आणि उरलेलं मुखपृष्ठ बाबा रंगवतात.

मी बरीच वर्षं सहावी-सातवीला शिकवलं. प्रकल्पवह्यांचा गठ्ठा टेबलावर आला की कोणती वही आदल्या रात्री झाली ते दोन पानांत कळायचं. त्या मुलांचा मला कधी राग आला नाही, कारण काम कसं आखायचं हे त्यांना कोणी बसून शिकवलेलंच नव्हतं. आपल्या घरांत याबद्दल काही समज पक्के होऊन बसले आहेत.

पहिला समज म्हणजे प्रकल्प ही सजावट आहे. महाराष्ट्रात 2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक यांच्याबरोबर प्रकल्पालाही जागा मिळाली. आकारिक म्हणजे मूल शिकत असताना, सत्रभर होत राहणारं. मुलाने प्रश्न कसा धरला, माहिती कुठून आणली, ती कशी मांडली, हे त्यात पाहायचं असतं. कल्पनाही आजची नाही. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांनी प्रकल्प पद्धतीवरचा लेख 1918 साली लिहिला. आपल्याकडे 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. चकचकीत कागद आणि थर्माकोल यांचा या दोन्हींशी काही संबंध नाही.

दुसरा समज जास्त खोल रुजलेला आहे: "आत्ता लहान आहे, मोठा झाला की आपोआप शिस्त लागेल." पुढचा विचार करणं, मोह आवरणं, कामांचा क्रम लावणं ही कामं मेंदूच्या ज्या पुढच्या भागाकडे असतात, तो पंचविशीच्या आसपास पूर्ण पक्व होतो, हे खरं आहे. पण म्हणून तोवर वाट बघायची असं नाही. पोहता येण्याइतके हातपाय मजबूत झाले तरी पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही. आखणीचंही तसंच आहे. आणि हीच गोष्ट उलट बाजूनेही लक्षात ठेवायला हवी: बारा वर्षांचं मूल महिनाभराचं काम डोक्यात धरू शकलं नाही तर ते आळशी ठरत नाही. "पाण्यावर प्रकल्प" या दोन शब्दांत सुरुवात कुठून करायची हेच त्याला दिसत नसतं. म्हणून ते टाळतं.

वेळेचा अंदाज मुलांनाच येत नाही, हाही एक समज. 1979 साली डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की आपलं काम किती वेळात होईल याचा अंदाज माणसं सवयीने कमी बांधतात. 1994 साली कॅनडात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं गेलं, किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे 34 दिवस. सगळंच बिघडलं तर? सुमारे 49. प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला अंदाजही कमीच पडला. कारण आपण काम सुरळीत होतानाचं चित्र बघतो, मागच्या वेळी काय झालं ते बघत नाही. 2004 मधल्या एका अभ्यासात यावर साधा उतारा सापडला: कामाचे तुकडे एकेक करून मोजायला लावले की अंदाज वाढतो आणि खऱ्याच्या जवळ येतो.

हे मी माझ्या भाचीबरोबर करून पाहिलं. ती सातवीत, विषय "आपल्या इमारतीतला पाण्याचा वापर", हातात तीन आठवडे. विचारलं, किती दिवस लागतील? "मावशी, दोन. शनिवार-रविवार." मी काही बोलले नाही. भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं. त्यावर दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख आधीच लिहिलेली होती. वही द्यायच्या तारखेला तिने पेन्सिलने गोल केला. मग एका कागदावर तिने कामं लिहिली आणि मी फक्त "आणि त्याआधी?" एवढंच विचारत राहिले. वहीत उतरवणं. त्याआधी आलेख. त्याआधी बेरजा. त्याआधी आठ घरांतून रोज किती बादल्या लागल्या ते विचारणं, सात दिवस. त्याआधी आपल्या बादलीत किती लिटर मावतं ते मोजणं. त्याआधी काय विचारायचं ते ठरवणं. "सात दिवस नोंद"वर तिची पेन्सिल थांबली. "म्हणजे याला सात दिवस लागणारच ना? लवकर लिहिलं तरी?" हो. रात्री पीठ भिजवल्याशिवाय सकाळी इडली होत नाही हे तिला माहीत होतं. हातातल्या कामालाही असं आंबायला ठेवायचं असतं, हे त्या क्षणी तिला कळलं. ते मी सांगून कळलं नसतं.

शेवटच्या तारखेपासून मागे मोजत आल्यावर समजलं की नोंदी घेणं पुढच्या चार दिवसांत सुरू व्हायला हवं. आणि दोन दिवस आम्ही मुद्दाम कोरे ठेवले. ते लागलेच. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दोन वेळा "उद्या ये गं" म्हणाल्या आणि एक कुटुंब लग्नाला गावी गेलं.

"वेळापत्रक लावलं की झालं" असंही वाटतं. भिंतीवर रंगीत तक्ता लावून मूल त्याप्रमाणे वागत नाही, त्यात त्याचा दोष फार थोडा. "या आठवड्यात आलेख काढायचा" हे वाक्य हवेत राहतं. जर्मनीत 1997 साली विद्यार्थ्यांना सांगितलं गेलं, नाताळच्या आदल्या दिवशी काय केलं ते दोन दिवसांत लिहून पाठवा. ज्यांच्याकडून केव्हा आणि कुठे बसून लिहिणार हे आधी ठरवून घेतलं, त्यांच्यातल्या साधारण तीन चतुर्थांश जणांनी ते वेळेत केलं; बाकीच्यांत जेमतेम एक तृतीयांश. म्हणून तक्त्यावर असं लिहू द्या: "बुधवारी खेळून आल्यावर, जेवणाच्या टेबलावर, बादल्यांची बेरीज." वेळ, जागा आणि एवढंसं काम.

एकच शेवटची तारीख पुरते, हाही समज सोडायला हवा. 2002 मधल्या प्रयोगात ज्यांना मजकूर तपासण्याचं काम समान अंतराच्या तीन तारखांना विभागून दिलं, त्यांनी शेवटी एकदम देणाऱ्यांपेक्षा जास्त चुका शोधल्या. शिक्षकांना हे सहज करता येईल: पंधरा दिवसांनी वही मागण्याआधी पाचव्या दिवशी फक्त प्रश्नांची यादी बघा. शेरा नको, गुण नकोत, बघा फक्त.

मदत किती करायची यावर पालकांत दोन टोकं दिसतात. एक सगळं करून देतं, दुसरं म्हणतं, "त्याचं त्यालाच करू दे, पडेल तेव्हा शिकेल." दोन्हीकडे मूल एकटं पडतं. 1976 साली वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी मुलांना दिल्या जाणाऱ्या आधाराला परांचीची उपमा दिली. इमारत उभी राहत असताना बांबूची परांची लागते, काम वर सरकतं तशी ती काढत आणतात. पहिल्या प्रकल्पाला कामाची यादी शेजारी बसून करा. दुसऱ्याला यादी मुलाला करू द्या आणि फक्त तारखा विचारा. तिसऱ्याला एवढंच विचारा: मागच्या वेळी आलेखाला किती वेळ लागला होता? कात्री मात्र पहिल्यापासून मुलाच्याच हातात हवी. वाकडं कापलेलं चित्र शिक्षकाला खपतं. मला तरी नेहमी खपलं.

यासाठी पालक शिकलेलेच हवेत असंही नाही. चकलीची भाजणी कधी दळून आणायची, कोणता फराळ आधी आणि कोणता शेवटी, हे ज्या घरात ठरतं त्या घरात आखणी रोज चालू आहे. ती मनातल्या मनात न करता मुलासमोर मोठ्याने बोलून करायची, एवढंच.

भाचीला दुसऱ्या सत्रात नवा विषय मिळाला, कडधान्यांची उगवण. तिने फोन केला. मला वाटलं, मुखपृष्ठावर काय काढू असं विचारेल. तिने विचारलं, "मावशी, वालाला मोड यायला किती दिवस लागतात? आणि थंडीत जास्त लागतात का?" मागे कालनिर्णयाचं पान उलटल्याचा आवाज येत होता.