वजनाची भरती-ओहोटी

फराळाचे ताट समोर असताना वजनाचा विषय काढणे म्हणजे लग्नघरात कर्जाची गोष्ट काढण्यासारखे आहे. तरीही हा विषय दिवाळी अंकातच निघावा, याला कारण आहे. आमच्या कॉलेजात दरवर्षी सुट्टी संपून मुलेमुली परत आली, की चारपाच जणींचा डबा बंद झालेला असतो. "मॅडम, मी भात सोडला," असे एक सांगते. दुसरी नुसत्या काकडीवर असते. तिसरीने कुणा ओळखीच्या बाईकडून महागड्या पावडरीचा डबा घेतलेला असतो. मार्गशीर्षातल्या लग्नापर्यंत पाचसहा किलो उतरतात, सगळीकडून वाहवा होते. पुढच्या जूनमध्ये पाहावे तर उतरलेले सगळे परत आलेले असते आणि वर दोन किलो व्याज!

इंग्रजीत या प्रकाराला दोरीवर वरखाली होणाऱ्या यो-यो खेळण्याचे नाव आहे. आमच्या किनाऱ्यावर त्यासाठी भरती-ओहोटी हा शब्द आयता आहे.

एडवणच्या एका मुलीची हकिकत सांगते. नाव सांगत नाही. बारावीपासून बी. ए. च्या दुसऱ्या वर्षापर्यंत तिने चार वेळा वजन उतरवले आणि चारही वेळा ते परत आले. सुरुवात आशापुरी देवीच्या नवरात्रातल्या उपासाने झाली. नऊ दिवसांचा उपास तिने एकवीस दिवसांवर नेला. पुढे फळे, मग पावडर, मग दिवसाला एकच जेवण. घरी "पाहायला येणार" हे शब्द ऐकू येऊ लागले होते, त्यामुळे प्रत्येक खेपेला घाई अधिक. चौथ्या खेपेला चार महिने पाळी आली नाही, केस हातात येऊ लागले आणि एके सकाळी सफाळे स्टेशनच्या फलाटावर ती भोवळ येऊन बसली. आणि एवढे होऊनही तिला वाटत होते ते एकच: आपल्यात निग्रह नाही!

निग्रहाचा हा आरोप फार जुना आहे आणि बहुतांशी खोटा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने 36 निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. दिवसाला साधारण पंधरा-सोळाशे कॅलरी. आजच्या पुष्कळ 'डाएट'पेक्षा हे अन्न अधिकच म्हणायचे! त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने घटले. पण खरी गंमत पुढे आहे. ही शहाणी, निग्रही माणसे दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. काहींनी पाककृतींची पुस्तके जमवली. चिडचिड वाढली, थंडी वाजू लागली, मन उदास झाले. पोटभर जेवायला मिळू लागल्यावर ती इतकी जेवली, की अंगावरची चरबी मूळच्यापेक्षाही वर गेली. या तरुणांना कुणी आळशी म्हणेल काय?

2011 साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न येथील संशोधकांनी याचे आणखी एक कारण दाखवले. पन्नास स्थूल माणसांना दहा आठवडे अतिशय कमी अन्नावर ठेवून त्यांनी रक्तातली भूक-तृप्तीची संप्रेरके मोजली. भूक वाढवणारे वाढले होते, तृप्ती देणारी घटली होती. आणि वर्ष उलटल्यावरही ती पूर्वपदावर आलेली नव्हती. म्हणजे शरीराच्या लेखी हा दुष्काळ असतो. दुष्काळातून वाचलेला शेतकरी जसा पुढच्या सुगीला कणगी गच्च भरतो, तसेच शरीर करते.

यात एक तोटा वजनकाट्याला दिसत नाही. उपाशी राहून उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. परत येते ती मात्र बरीचशी चरबी. आपल्या लोकांना ही वजाबाकी अधिक महाग पडते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले होते. उंचीच्या हिशेबात दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात 21.2! म्हणूनच आपल्याकडे हा निर्देशांक (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 23 च्या पुढे गेला, की सावध व्हावे असे सांगतात. पाश्चात्त्यांना ही सवलत 25 पर्यंत आहे. तेव्हा आपल्या मुलींनी स्नायू घालवून किलो कमावणे, म्हणजे दागिने मोडून भाड्याचे दागिने मिरवण्यासारखे झाले.

मग त्या मुलीने केले काय? पहिल्यांदा डॉक्टर गाठला. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेतले. रक्त कमी निघाले, त्यावर औषध सुरू झाले. डॉक्टरांनी तिला खायला सांगितले, याचेच तिला नवल वाटले.

एडवण, कोरे, दातिवरे या बाजूच्या मुलांचा दिवस कसा जातो पाहा. पहाटे चहा ढोसून एस. टी. पकडायची, सफाळ्याहून लोकल, मग पालघर नाहीतर विरार. दुपारी दोन-तीनपर्यंत पोटात काही नाही. मग स्टेशनवर दोन वडापाव, आणि घरी पोचल्यावर भाताचा डोंगर. "दिवसभर काही खात नाही तरी वजन वाढते" ही तक्रार इथली. तिने आधी हे बदलले. निघण्यापूर्वी तांदळाची भाकरी आणि एक अंडे, डब्यात भाजी आणि मोडाच्या धान्याची उसळ. भात सोडला नाही; तो वाटीने मोजून घेऊ लागली. मासळी तर दारात येते. बांगडा, मांदेली, सुकट यांच्याइतके स्वस्त आणि कसदार अन्न पावडरीच्या कुठल्या डब्यात आहे? फक्त रोजच्या तळणीऐवजी कालवण आले.

व्यायामाचे म्हणाल तर तिच्या आजीला वेगळा करावा लागत नसे. वाडीतल्या पानवेलींना पाणी घालताना तो होत होता. आता पंप आला, दाराशी स्कूटर आली. अन्न मात्र आजीच्याच मापाचे राहिले. नात रोज संध्याकाळी किनाऱ्याने पाऊण तास चालू लागली आणि आठवड्यातून तीन दिवस घरातच उठाबशा, जोर. त्याने स्नायू टिकतात.

वजन महिन्याला किलो-दीड किलोने उतरले, कधी महिनाभर हललेच नाही. नऊ किलोला चौदा महिने लागले. मधे दोन लग्ने आणि एक दिवाळी येऊन गेली. लग्नात ती जेवली. पण दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखा प्रायश्चित्ताचा उपास केला नाही, नेहमीची भाकरी खाल्ली. माझ्या मते तिच्या सगळ्या वर्षातली सर्वांत अवघड आणि सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच.

दोनदाच जेवण्याचा जो मार्ग कै. डॉ. श्रीकांत जिचकारांनी सांगितला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी नेला, त्याने अनेकांना गुण आला आहे. ज्यांना तो वर्षानुवर्षे निभतो त्यांनी जरूर करावा. पहाटे पाचला उठणाऱ्या, रक्त कमी असलेल्या मुलीने मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. 2025 पासून वजनाची नवी इंजेक्शनेही आपल्याकडे मिळू लागली आहेत. ती आजारपणाच्या पातळीच्या लठ्ठपणासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची आहेत, आणि थांबवल्यावर वजन बहुधा परतते. लग्नाच्या तारखेशी त्यांचा संबंध जोडणारे लोक निघतीलच.

त्या मुलीची पाळी पाचव्या महिन्यात सुरळीत झाली. घरी सर्वांत उशिरा बदलली ती आई. लेक कमी जेवते म्हणजे रुसली आहे, अशी तिची समजूत. नको म्हणताच डाव ताटात उलटा व्हायचा. आता ती भाताचा डाव हातात धरून क्षणभर थांबते आणि विचारते, "वाढू का गं?"