चॅम्पियन ठरवायला संसद कशाला? अमेरिकन कॉलेज फुटबॉलची गोष्ट

हा आजच्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना झालेले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मधला चहाचा घोट काढून टाकलाय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

२ जानेवारी २००९. न्यू ऑर्लिन्समध्ये शुगर बाउल नावाची मॅच. एकीकडे अलाबामा, म्हणजे या खेळातलं खानदानी घराणं. दुसरीकडे युटा विद्यापीठ, ज्यांना बड्या लोकांच्या पंगतीत कोणी बसवत नव्हतं. युटाने अलाबामाला ३१-१७ असं हरवलं. सीझनमध्ये १३ मॅच, १३ विजय, एकही हार नाही. तरी युटा चॅम्पियन झालं नाही. सहा दिवसांनी फ्लोरिडाने ओक्लाहोमाला हरवलं आणि ट्रॉफी तिकडे गेली. त्या दोन्ही टीम त्या सीझनमध्ये एकेक मॅच हरलेल्या होत्या!

यानंतर युटा राज्याच्या अॅटर्नी जनरलने चौकशी सुरू केली, सिनेटमध्ये सुनावणी झाली, प्रतिनिधीगृहात विधेयक आलं आणि शेवटी केंद्राच्या न्याय खात्याने पत्र धाडलं. एका खेळाच्या ट्रॉफीसाठी एवढं सरकार कशाला? आजचा विषय हाच.

आधी मुळातला गोंधळ

आपल्याला आयपीएलची सवय. गुणतक्ता, मग प्लेऑफ, मग फायनल. फायनल जिंकला तो चॅम्पियन, वाद संपला. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत कित्येक दशकं हे नव्हतंच. टीम १०० च्या वर, आणि प्रत्येक टीम सीझनमध्ये जेमतेम १२-१३ मॅच खेळणार. म्हणजे बहुतेक टीम एकमेकींच्या समोर येतच नाहीत. खेळ अंगमोडीचा आहे, आठवड्याला एकाहून जास्त मॅच झेपत नाही.

कॉलेज खेळांची मुख्य संस्था म्हणजे एनसीएए. ती बास्केटबॉलची नॉकआउट स्पर्धा घेते, फुटबॉलच्या खालच्या श्रेणीतही घेते. पण वरच्या श्रेणीचा चॅम्पियन तिने कधी ठरवलाच नाही. तिथे होते ‘बाउल’ सामने. सीझन संपल्यावर वेगवेगळ्या शहरांत होणारी एकेक मोठी मॅच. रोझ बाउल सगळ्यात जुना, पहिला १९०२ मध्ये झाला. या बाउलचे ठराविक गटांशी करार असायचे, त्यामुळे एक नंबर आणि दोन नंबर समोरासमोर येतीलच याची खात्री नाही.

मग चॅम्पियन कोण? मतदान! असोसिएटेड प्रेस १९३६ पासून पत्रकारांची मतं घ्यायची, १९५० पासून कोचांचं वेगळं मतदान. दोघांचं जमलं तर ठीक, नाही तर दोन चॅम्पियन. १९९०, १९९१ आणि १९९७ ला हेच झालं.

राष्ट्राध्यक्षांनी दिलेली पाटी

सरकारी हात यात २००९ च्या बराच आधी घुसलेला आहे. ६ डिसेंबर १९६९ ला टेक्सस विरुद्ध आर्कन्सॉ ही मॅच बघायला खुद्द राष्ट्राध्यक्ष निक्सन गेले. टेक्सस १५-१४ ने जिंकलं आणि निक्सननी ड्रेसिंग रूममध्ये जाऊन त्यांना नंबर एकची पाटी देऊन टाकली.

पण तिकडे पेन स्टेटची टीमही अपराजित होती. त्यांच्या लोकांचा संताप झाला. समजूत म्हणून त्यांना सलग न हरण्याबद्दल वेगळी पाटी देऊ केली, ती कोच जो पॅटर्नोंनी नाकारली. पुढे १९७३ मध्ये वॉटरगेट गाजत असताना पॅटर्नोंनी एका पदवीदान समारंभात टोला हाणला, की या माणसाला १९६९ मध्ये फुटबॉलमधलं एवढं कळत होतं आणि आता वॉटरगेटमधलं एवढं कमी कसं कळतं!

किस्सा गमतीचा आहे, पण मुद्दा बघा. अधिकृत पद्धतच नसेल, तर ज्याच्या हातात माइक आहे तो चॅम्पियन जाहीर करू शकतो.

कोर्टाने पैशाचं दार उघडलं

दुसरी पायरी १९८४ ची, आणि ही खरी महत्त्वाची. तोवर कुठली मॅच टीव्हीवर दाखवायची, किती वेळा दाखवायची, हे एनसीएए ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी आव्हान दिलं. सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला की हे नियंत्रण मक्तेदारीविरोधी कायद्याचा, म्हणजे शर्मन अॅक्टचा भंग आहे.

परिणाम असा, की टीव्हीचे हक्क विद्यापीठं आणि त्यांचे गट, म्हणजे ‘कॉन्फरन्स’, स्वतः विकू लागले. मोठ्या कॉन्फरन्स आणखी श्रीमंत झाल्या, एनसीएएचा हात सैल झाला. पुढे चॅम्पियन ठरवायची व्यवस्था आली, ती याच मोठ्या कॉन्फरन्सनी बांधली.

ती व्यवस्था म्हणजे बीसीएस, १९९८ च्या सीझनपासून. मतदान आणि कॉम्प्युटर रँकिंग एकत्र करून दोन टीम निवडायच्या, त्यांची फायनल लावायची. सहा मोठ्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना मोठ्या बाउलमध्ये हक्काची जागा. बाकीच्यांना अटी घालून, जमलं तर. आणि मोठ्या बाउलमध्ये जागा म्हणजे मोठा पैसा. युटा या ‘बाकीच्यां’मध्ये होतं.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो

बीसीएसमध्ये सहा कॉम्प्युटर रँकिंग होती. २००४ नंतरच्या पद्धतीत प्रत्येक टीमचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा काढून उरलेल्या चारांची सरासरी घ्यायचे, आणि तिला एकूण गुणांत एक तृतीयांश वजन. बाकी दोन भाग मतदानाचे.

त्यापैकी वेस कॉली यांचं सूत्र पूर्णपणे उघड होतं. त्याचा पाया सोपा आहे: जिंकलेल्या मॅचमध्ये १ मिळवा, खेळलेल्या मॅचमध्ये २ मिळवा, भागाकार करा, मग समोरची टीम किती तगडी होती त्यानुसार दुरुस्ती करा. बाकीच्यांपैकी काहींची सूत्रं मात्र मालकांनी स्वतःकडेच ठेवली होती.

डिसेंबर २०१० मध्ये काय झालं ऐका. कॉलींच्या डेटामध्ये खालच्या श्रेणीतल्या एका मॅचचा निकाल भरायचा राहून गेला. एक ओळ मिसिंग! त्यामुळे अंतिम बीसीएस यादीत एलएसयू १० वर आणि बॉइझी स्टेट ११ वर आलं. खरं तर उलटं हवं होतं. बीसीएसचा अभ्यास करणाऱ्या जेरी पाम यांनी स्वतः आकडेमोड करून चूक पकडली. यादी दुरुस्त झाली, कॉलींनी चूक कबूल केली.

आता विचार करा. चूक सापडली ती उघड सूत्रात. कारण ते सूत्र कोणालाही पुन्हा चालवून बघता येत होतं. बंद सूत्रात अशीच एखादी ओळ राहिली असती तर ती कोणाला कळली असती? प्रॉडक्शनमध्ये असा कोड मी पाठवला तर माझा टीम लीड मला जेवू देणार नाही. इथे त्यावर विद्यापीठांचे करार ठरत होते, आणि विशीतल्या मुलांचा अख्खा सीझन. त्या मुलांना तेव्हा स्कॉलरशिप सोडली तर पगारही नव्हता.

सरकारने नेमकं केलं काय?

तीन वेगळे रस्ते होते. एकत्र केले की गोंधळ होतो, म्हणून सुटे सांगतो.

पहिला रस्ता सुनावणीचा. २००३ मध्ये टुलेन विद्यापीठाचे प्रमुख स्कॉट काउवेन यांनी बाहेर राहिलेल्या विद्यापीठांची मोट बांधली. संसदेच्या दोन्ही सभागृहांत सुनावण्या झाल्या. कायदा झाला नाही, पण २००४ मध्ये बीसीएसने तडजोड केली आणि एक जादा मॅच वाढवून बाहेरच्यांसाठी दार थोडं किलकिलं केलं. २००९ मध्ये युटाचे सिनेटर ऑरिन हॅच यांच्या पुढाकाराने सिनेटच्या उपसमितीत पुन्हा सुनावणी झाली.

दुसरा रस्ता विधेयकाचा. टेक्ससचे जो बार्टन यांनी प्रतिनिधीगृहात विधेयक आणलं. त्यातली युक्ती मला आवडली. ‘प्लेऑफ घ्या’ असा हुकूम त्यात नव्हता. प्लेऑफमधून न आलेल्या मॅचला ‘राष्ट्रीय अजिंक्यपद’ म्हणून विकलंत तर ती ग्राहकांची दिशाभूल समजली जाईल, एवढंच. म्हणजे खेळाला हात न लावता लेबलवर बोट ठेवलं. डिसेंबर २००९ मध्ये उपसमितीने ते मंजूर केलं, आणि तिथेच ते थांबलं. देशात मंदी असताना संसदेला हेच काम उरलंय का, अशी टीका तेव्हा झाली. ती अगदीच चुकीची म्हणता येणार नाही.

तिसरा रस्ता न्याय खात्याचा. मे २०११ मध्ये मक्तेदारीविरोधी विभागाच्या प्रमुख क्रिस्टीन व्हार्नी यांनी एनसीएएला पत्र लिहून तीन प्रश्न विचारले. बाकी खेळांत प्लेऑफ आहे, मग इथे का नाही? तो आणण्यासाठी तुम्ही काय केलंत? आणि प्रेक्षक, कॉलेजं, खेळाडू यांच्या हिताचं नाही असं बीसीएसमध्ये तुम्हाला काही दिसलंय का? एनसीएएचं उत्तर थोडक्यात असं, की ही व्यवस्था आमची नाही, तुम्ही बीसीएसला विचारा. आपल्याकडे ‘ते काम पलीकडच्या टेबलवर’ म्हणतात ना, तसंच.

कायद्याच्या बाजूने बीसीएसचा बचाव पोकळ नव्हता. ते म्हणायचे, आमच्या आधी एक विरुद्ध दोन अशी मॅच व्हायची खात्रीच नव्हती, आम्ही नवीन गोष्ट निर्माण केली. सुप्रीम कोर्टानेही १९८४ मध्ये मान्य केलं होतं की खेळात थोडं एकत्र येणं भागच असतं, नाही तर स्पर्धाच उभी राहणार नाही. प्रश्न एवढाच, की एकत्र येणं कुठे संपतं आणि टोळी कुठे सुरू होते? याचं उत्तर कोर्टाकडून मिळालंच नाही. युटाच्या अॅटर्नी जनरलनी खटल्याची तयारी चालवली होती, पण गोष्ट निकालापर्यंत गेली नाही. आणि २०११ मध्ये खुद्द युटाच एका बड्या कॉन्फरन्समध्ये सामील झालं! बाहेर उभं राहून दार ठोठावणारा आत जाऊन बसला.

मग बदल कशाने झाला?

जानेवारी २०१२ ची फायनल एलएसयू आणि अलाबामा यांच्यात झाली. दोघं एकाच कॉन्फरन्सचे, आणि नोव्हेंबरमध्ये एलएसयूने अलाबामाला आधीच हरवलेलं. आता अलाबामा २१-० ने जिंकलं. बाकीच्या बड्या कॉन्फरन्सना एकदम कळलं की या पद्धतीत आपणही बाहेर राहू शकतो. जून २०१२ मध्ये चार टीमच्या प्लेऑफला मंजुरी मिळाली. पहिल्याच वर्षी चौथ्या नंबरवर असलेलं ओहायो स्टेट चॅम्पियन झालं. जुन्या पद्धतीत ते फायनलला पोचलंच नसतं.

माझं मत विचाराल तर सरकारने बदल घडवला असं म्हणणं जास्त होईल. एकही कायदा झाला नाही. पण ‘आहे तसं चालू दे’ म्हणण्याची किंमत सरकारने वाढवली. दर वर्षी साक्षीला जा, वकील लावा, उत्तरं द्या. शेवटचा धक्का पैशाने आणि आपसातल्या भांडणाने दिला.

वाद संपला का? छे. कॉम्प्युटर गेले आणि १३ जणांची निवड समिती आली. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट १३-० असूनही तिला वगळलं. त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक जखमी होता, आणि एक मॅच हरलेल्या अलाबामाला घेतलं. लगेच फ्लोरिडाच्या अॅटर्नी जनरलने चौकशी सुरू केली, तिथल्या सिनेटरने समितीला पत्र लिहिलं, गव्हर्नरने खटल्यासाठी १० लाख डॉलरची तरतूद सुचवली. २०२४ पासून प्लेऑफ १२ टीमचा झाला. आता भांडण बाराव्या आणि तेराव्या नंबरचं.

एक पॅटर्न तुमच्या लक्षात आला असेल. हॅच युटाचे. बार्टन टेक्ससचे, आणि २००८ मध्ये टेक्ससने ओक्लाहोमाला ४५-३५ ने हरवूनही बीसीएसच्या आकड्यांमुळे ओक्लाहोमा पुढे गेलं होतं. २०२३ ला आवाज फ्लोरिडाचा. ज्याच्या घरची टीम बाहेर, तोच नेता न्यायाची भाषा बोलतो. पण म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. चुकीच्या हेतूने फाइल झालेला बगही बगच असतो.

चॅम्पियन सरकारने ठरवू नये, १९६९ ची पाटी त्याला पुरेसा पुरावा आहे. पण सगळ्या मॅच जिंकणाऱ्या टीमला पुढे जायचा रस्ता आहे का, आणि निवडीचं गणित बाहेरच्या माणसाला तपासता येतं का, हे दोन प्रश्न विचारायला कोणीतरी हवं. युटाच्या त्या पोरांनी समोर आलेल्या प्रत्येकाला हरवलं होतं. याहून जास्त त्यांनी काय करायचं होतं, याचं उत्तर व्यवस्थेकडे नव्हतं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्यापैकी जे अमेरिकेत शिकलेत आणि ज्यांच्या कॉलेजवर असा अन्याय झालाय, त्यांनी नक्की लिहा. भेटू पुढच्या एपिसोडला.