राजधानीतल्या माणसाचे मत

सावेडीच्या व्याख्यानमालेत आम्ही आजवर सतरंजीवर बसून ऐकणारे. आमची शाळा नववीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्यांच्या द्वारसभांत, लेबर कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि वाचनालयात फुकट मिळणाऱ्या वर्तमानपत्रांत. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. मात्र एक प्रश्न गेली दोनतीन वर्षे आमच्या डोक्यात घोळतो आहे, तो मांडतो.

२०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या नळाला गढूळ पाणी येऊ लागले. शेजारच्या बायका हंडे घेऊन आमच्या दारी आल्या. आम्ही सवयीने चपला पायांत सरकवल्या आणि दोन गल्ल्या ओलांडून नगरसेवकांकडे गेलो. गृहस्थ भले, चहा पाजला. म्हणाले, "अहो, मी आता माजी. अर्ज मीही करीन, तुम्हीही करा. दोघांच्या कागदाची किंमत एकच."

ते खरेच होते. आपल्या महानगरपालिकेची २०१८ साली निवडून आलेली सभा २०२३ च्या डिसेंबरअखेर मुदत संपून गेली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. मुंबईची गत आणखी वाईट. तिथे मार्च २०२२ पासून प्रशासक होते. महाराष्ट्राच्या राजधानीत आणि आपल्या नगरात माणसे घरपट्टी भरत होती, पाणीपट्टी भरत होती, लोकसभेला आणि विधानसभेला मतही देत होती. पण गटार कुठून काढायचे हे ठरवणाऱ्या सभागृहात त्यांचे कोणी नव्हते. मत असून प्रतिनिधी नसणे ही काय चीज आहे, हे आम्हांला त्या चहाच्या कपाबरोबर कळले. मग आम्ही जुनी पाने चाळू लागलो आणि मुंबईच्या १९५६ सालापाशी येऊन थांबलो.

संयुक्त महाराष्ट्राची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. परंतु ती बहुधा भाषेची आणि अस्मितेची कथा म्हणून सांगितली जाते. तिच्यात मुंबईत राहणाऱ्या साध्या माणसाच्या मताची एक कथा दडलेली आहे, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मुंबई महापालिकेत लोकांनी निवडलेले सभासद आले १८७२ च्या कायद्याने. ६४ सभासद, त्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे. करदाते म्हणजे घरमालक आणि बडी मंडळी. चाळीतला भाडेकरू मोजदादीत नव्हता. १९२२ साली दरमहा दहा रुपये भाडे देणाऱ्यालाही मत मिळाले. हे ऐकायला मोठे उदार वाटते. पण गिरणगावातल्या पुष्कळ खोल्यांचे भाडे दहा रुपयांच्या आतच होते! म्हणजे शहर ज्यांच्या घामावर चालले होते, नेमके तेच दाराबाहेर राहिले. प्रौढ मतदानावरची मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक झाली १९४८ साली. विधानसभेची १९५२ साली.

आता पुढची तारीख लक्षात घ्या. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून सांगितले की मुंबई शहर केंद्राच्या कारभाराखाली राहील. गिरणी कामगाराने विधानसभेसाठी मत टाकले होते आयुष्यात एकदा, आणि चार वर्षांत ते मत परत मागितले जात होते.

इथे एक बारकावा आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने तीन राज्यांची योजना पुढे केली, तीत मुंबई हे वेगळे राज्य व्हायचे होते. वेगळे राज्य म्हटले की त्याची विधानसभा आलीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९५५ च्या आपल्या पुस्तिकेत मुंबईचे निराळे नगरराज्य सुचवले होते. ते कोणाला पटो न पटो, त्यात रहिवाशांचे मत शाबूत होते. केंद्रशासित म्हणजे निराळे प्रकरण. १ नोव्हेंबर १९५६ पासून जी केंद्रशासित क्षेत्रे अस्तित्वात आली, त्यांना त्या वेळी विधानसभा नव्हती. लोकसभेत खासदार असतील, महापालिकाही असेल. पण मधला मजलाच नाही.

कोणी विचारील, खासदार आहे, नगरसेवक आहे, मग आमदारावाचून अडले काय? आम्ही संघटनेतले लोक, म्हणून आम्हांला ते लगेच दिसते. मुंबईचा कामगार त्या काळी ज्या कायद्यांच्या आधाराने जगत होता ते पाहा. औद्योगिक संबंधांचा कायदा १९४६ चा, भाडेनियंत्रणाचा १९४७ चा, दुकाने व आस्थापनांचा १९४८ चा. सगळे मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने केलेले. पोलीस राज्याचे, जमीन राज्याची, कारखाने तपासणारा अधिकारी राज्याचा. ह्यांतल्या पहिल्या कायद्याला तर लाल बावट्याच्या लोकांनी पोटभर शिव्या घातल्या आहेत, आणि त्या अनाठायी होत्या असे आम्ही म्हणणार नाही. पण शिव्या घालायलाही समोर ज्याला पुन्हा मत मागायला यायचे आहे असा माणूस लागतो. तो आमदार दिल्लीच्या एखाद्या खात्यातल्या सचिवाने कसा भरून निघावा?

मुंबई वेगळी ठेवा म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. शहर सर्व भारताचे, त्यात मराठी बोलणारे निम्म्याहून कमी, पैसा अनेक प्रांतांतून आलेला, हे त्यांचे म्हणणे. आकडा खराच होता. पण त्यावरून जे अनुमान काढले ते आम्हांला उलटे वाटते. केंद्रशासित मुंबईत आमदार केवळ मराठी माणसाचा गेला नसता. कामाठीपुऱ्यातल्या तेलुगू कामाठ्याचा, मदनपुऱ्यातल्या विणकराचा, भुलेश्वरच्या गुजराती गुमास्त्याचाही गेला असता. फरक एवढाच की बड्या शेठजींना दिल्लीला पोचायला मत लागत नव्हते. विमान होते, टेलिफोन होता, ओळखी होत्या. दुसरी वाट नाही त्याला मताचीच वाट. म्हणून झगडा केला तो चाळींनी.

आमचे थोरले चुलते पारनेर तालुक्यातून मुंबईला गिरणीत गेले होते. १९५६ च्या जानेवारीत ते विशीचे. ते राजकारणी नव्हते, भाषण कधी केले नाही. ते सांगत, रेडिओ चाळीत एकच, वाण्याकडे; बातमी ऐकून लोक जिन्यावरच बसून राहिले, स्वयंपाक कोणी केला नाही. त्याआधी २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला होता. जानेवारीत तर दिवसच्या दिवस तो चालू राहिला. सगळ्या चळवळीत शंभरावर माणसे गेली. त्यांत पुढारी किती आणि वाटेने जाणारी पोरे किती, हे हुतात्मा चौकातली नावे वाचताना मनात येते.

पुढच्या घडामोडी थोडक्यात सांगतो. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एरवी एकमेकांची तोंडे न पाहणारे एस. एम. जोशी आणि कॉम्रेड डांगे एका व्यासपीठावर आले. आपल्या जिल्ह्यातले दत्ता देशमुख त्यांत होते. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी राजीनामा दिला. शाहीर अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे ह्यांनी डफावर थाप मारून जे काम केले ते शंभर पत्रकांनी झाले नसते. पण आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते ते ऑगस्ट १९५६. संसदेने त्या महिन्यात गुजरात, विदर्भ, मराठवाडा सगळे एकत्र करून मोठे द्वैभाषिक मुंबई राज्य ठरवले. महाराष्ट्रात त्याचा संताप झाला, आणि तो रास्त होता. तरी त्या तडजोडीत एक गोष्ट घडली: केंद्रशासनाची योजना बारगळली आणि मुंबईकराचे विधानसभेचे मत वाचले. त्याच मताने पुढच्या वर्षी त्याने हिशेब केला. १९५७ च्या निवडणुकीत समितीने मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात धडाका उडवला; मध्य मुंबईतून डांगे आणि आपल्या नगरमधून र. के. खाडिलकर लोकसभेवर गेले. मुंबई महापालिकाही समितीकडे आली आणि १९५८ साली मीरत कटाच्या खटल्यात शिक्षा भोगलेले गिरणी कामगारांचे पुढारी एस. एस. मिरजकर महापौर झाले. जिथे दहा रुपये भाडे नसलेल्याला मत नव्हते त्याच सभागृहाचे महापौर! १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले. पुढे १९६९ साली ह्याच राज्याच्या विधिमंडळाने माथाडी कायदा केला. हमालाला भविष्यनिर्वाह निधी मिळाला तो त्यामुळे.

मत गेले असते तर काय झाले असते, ह्याची कल्पना लढवायला नको. दिल्ली समोर आहे. दिल्लीला १९५२ साली ४८ जणांची विधानसभा होती, मुख्यमंत्री होते. १९५६ च्या नोव्हेंबरात ती गेली. पुढे १९६६ च्या कायद्याने महानगर परिषद मिळाली, पण तिने फक्त शिफारशी करायच्या. विधानसभा परत आली १९९३ साली, घटनेच्या ६९ व्या दुरुस्तीनंतर. म्हणजे ३७ वर्षे. आणि तरीही पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन केंद्राकडेच राहिली; अधिकाऱ्यांच्या नेमणुकांवरून २०२३ पर्यंत सुप्रीम कोर्ट आणि संसद ह्यांच्यात काय चालले होते ते आपण वाचलेच आहे.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन हिची गोष्ट तर चमत्कारिक. लोकशाहीचे माहेरघर म्हणवणाऱ्या देशाच्या राजधानीत २०२० च्या गणतीप्रमाणे ६ लाख ८९ हजार माणसे राहतात, व्हर्माँट आणि वायोमिंग ह्या राज्यांहून जास्त. त्या राज्यांचे दोन-दोन सिनेटर. वॉशिंग्टनचा एकही नाही. प्रतिनिधिगृहात एक प्रतिनिधी बसतो, बोलू शकतो. कायदा मंजूर करताना त्याचे मत धरत नाहीत. अध्यक्षाच्या निवडणुकीत मत मिळाले तेही १९६१ च्या घटनादुरुस्तीने. १९६६ साली तिथल्या काळ्या वस्तीतल्या तरुणांनी 'राजधानी मुक्त करा' अशी चळवळ काढली आणि दुकानदारांना सांगितले, आमची चिठ्ठी दारावर लावा, नाहीतर आम्ही माल घेणार नाही. १९७३ च्या कायद्याने महापौर व नगरसभा निवडण्याचा हक्क आला. १९७८ साली संसदेने पूर्ण प्रतिनिधित्वाची घटनादुरुस्ती मंजूर केली. ३८ राज्यांची संमती हवी होती, १९८५ पर्यंत १६ मिळाल्या आणि ती वाया गेली. २००० सालापासून तिथल्या मोटारींच्या नंबरपट्टीवर 'प्रतिनिधित्वाशिवाय कर' असे शब्द आले. रोज सकाळी मंत्र्यांच्या गाडीमागे ती पाटी धावते.

आपले नगरही एके काळी निजामशाहीची राजधानी होते. चांदबिबीच्या काळात मते कोणी मोजत नव्हते, तो प्रश्न सोडा. घटनेची ७४ वी दुरुस्ती मात्र स्पष्ट सांगते की पालिकेची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्याआधी निवडणूक. तरीही आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेचे खटले ह्यांत वर्षे गेली. सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये हुकूम दिला, मग मुदत वाढवली, आणि १५ जानेवारी २०२६ ला मुंबई, अहिल्यानगर धरून २९ महापालिकांचे मतदान झाले. आपले ६८ नगरसेवक परत आले. भिंगारकरांचे नशीब निराळे. छावणी परिषदांच्या निवडून आलेल्या सभासदांची मुदत फेब्रुवारी २०२१ मध्ये संपली. ३० एप्रिल २०२३ ही निवडणुकीची तारीख जाहीर झाली. नागरी वस्ती पालिकांना जोडण्याचा विचार चालू असतानाच मार्चमध्ये ती मागे घेण्यात आली.

आता आमची चूक सांगतो. निवडणूक लागणार म्हणून आम्ही द्वारसभांत घसा कोरडा केला. औद्योगिक वसाहतीतली आमची कितीतरी पोरे सावेडीत आणि नागापुरात भाड्याच्या खोल्यांत राहतात. दर वर्षाला खोली बदलते. त्यांचे अर्ज आम्ही दिवाळीनंतर भरून घेतले. पण पालिकेच्या मतदानाला धरायची होती १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी. मतदानाच्या दिवशी ती पोरे चिठ्ठ्या हातात धरून केंद्रावर उभी राहिली आणि परत आली. एकाने विचारले, "साहेब, मग आमचा नगरसेवक कोण?" आम्हांला उत्तर सुचले नाही. चुलत्यांच्या वेळी दहा रुपये भाडे आड आले होते, ह्यांच्या आड एक तारीख आली. आणि ती तारीख वाचायचे काम आमचे होते.

तेव्हापासून वर्गणीच्या पावतीपुस्तकाबरोबर आम्ही नमुना ६ आणि नमुना ८ चे कोरे अर्ज ठेवतो. नाव नोंदायला १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. आजही पिशवीत आहेत. भाषण संपल्यावर दाराशी बसतो; खोली बदललेल्यांनी भाडेकराराची नक्कल घेऊन यावे.