काडतुसातील दारू : कोणती आणि किती?

आम्ही चिंचोटीकर वसईच्या कोटाचे शेजारी. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने त्या तटाखाली सुरुंग पेरले. एक उडून खिंडार पडले, मराठे त्यावर चढले, तोच मागे राहिलेला दुसरा सुरुंग उडाला व आपलीच माणसे गारद झाली. दारू चांगलीच होती, वेळ चुकली. रायफलीच्या काडतुसात हीच वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजावी लागते, एवढाच फरक.

ठासणीच्या बंदुकीत काळी दारू असे. साधारणपणे शंभर भागांत पंचाहत्तर सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक. शिकारी ती मापट्याने ओतीत. 1884 साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी नायट्रोसेल्युलोजची निर्धूर दारू तयार केली. तिचा जोर कितीतरी अधिक. जुन्या मापट्याने ही नवी दारू जुन्या बंदुकीत भरली, तर नळी फुटून भरणाऱ्याचाच हात जाईल.

निर्धूर दारूही एकाच जातीची नसते. दाण्याचा आकार व त्यावरील लेप यांवरून ती झटकन पेटते की सावकाश, हे ठरते. चिखलात रुतलेली गाडी एका हिसक्याने ओढली तर जू मोडते. बैलांनी खांदा लावून रेटली तर निघते. जड गोळी व मोठे काडतूस यांना सावकाश जळणारी दारू लागते. हलकी गोळी व लहान काडतूस यांना जलद. जड गोळी हळू सरकते, वायूला जागा लवकर मिळत नाही, म्हणून दाब चढतो. दाब चढला की दारू आणखी वेगाने जळते. त्यामुळे माप थोडे वाढले तरी दाब त्या प्रमाणात न वाढता त्याहून पुष्कळ वाढतो. उन्हात तापलेल्या काडतुसातही दाब वाढतो. सावकाश जळणारी दारू फार कमी भरणे हेही नेहमी निर्धोक नसते.

म्हणून जाणकार दारू बनविणाऱ्याने छापलेला तक्ता पाहतात, त्यातील सर्वांत कमी मापापासून आरंभ करतात आणि प्रत्येक बार काट्यावर तोलतात. दोन जातींची दारू मिसळीत नाहीत. डब्यावरची चिठ्ठी गेली असेल तर दारू कोणती आहे, हा अंदाज ते बांधीत नाहीत. तसा डबा निकालात काढतात.

आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतुसे तयार करणे गुन्हा आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून हेच काम करीत आला आहे, आणि तिथेही माप डोळ्यांनी धरीत नाहीत. आपण घरी ते डोळ्यांनी धरू पाहणे म्हणजे वसईचा तो मागे राहिलेला सुरुंग स्वतःच्या ओसरीत पेरणे होय.